पावाच्या मशीनमधला आश्विन

पावाच्या मशीनचं झाकण उघडून आतल्या गोळ्याकडे पाहिलं, की पाव फुगणार का बसणार हे मला आता सांगता येतं. उगाच नम्रपणा कशाला करू? गोळा भांड्याच्या कडा स्वच्छ पुसत फिरत असेल, बोट लावल्यावर जरासा चिकटून लगेच सोडत असेल, तर झाकण लावावं आणि निवांत अंगणात जाऊन बसावं. कडेला पीठ माखत असेल तर आणखी थोडं पीठ भुरभुरावं. आणि गोळा धडधड आपटत असेल, तर समजावं, आत नाचणी आहे, पाणी पिऊन बसली आहे आणि अजून मागते आहे. शास्त्र म्हणावं तर एवढंच. पण ते शिकायला मला एक अख्खा आश्विन लागला, आणि तसा अवघड आश्विन आमच्या घराने दुसरा पाहिला नाही.

आता पुन्हा आश्विन आला आहे. परवा दसऱ्याला दाराच्या चौकटीवर नवं बांधलं. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू. जामसंड्यातलं आमचं घर उंचावर आहे; मागच्या उतारावरून खाली पाहिलं की भाताचे कुणगे दिसतात, काही अजून पिवळे उभे, काही कापून आडवे झालेले. दुपारपर्यंत ऊन अंग भाजतं आणि चारच्या सुमारास डोंगराकडून ढग गडगडत येतात. लोक धावतपळत भाताचे भारे झाकतात. त्या धावपळीचा एक वास असतो, ओल्या गवताचा आणि तापलेल्या दाण्याचा. माझ्या नाकात त्यात भाजत्या पावाचा वास मिसळूनच येतो. दोन्ही वेगळे करायचे म्हटलं तरी होत नाहीत.

मी उभं आयुष्य बोटींच्या इंजिनरूममध्ये काढलं. आमची मूळ माणसं विजयदुर्गची, समुद्राचं खाणारी. कुठलंही यंत्र माझ्या पुढ्यात ठेवा, कान लावून मी त्याचं दुखणं सांगेन. मंदा, माझी बायको, नांदगावची. शेतकऱ्याची लेक. तिने भात लावलाय, कापलाय, झोडलाय, आणि तांदळाची भाकरी तर अशी थापलीय की परातीत तिचा हात फिरताना दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. मी महिनोन्‌महिने बोटीवर असायचो तेव्हा मला घराची आठवण म्हणजे तो आवाज. निवृत्त होऊन घरी आलो आणि रोज सकाळी तो ऐकायला लागलो, तेव्हा कुठे मला वाटलं की मी पोचलो.

त्या वर्षी घटस्थापना होऊन गेली होती. पावसाळाभर मागीलदारच्या पायरीवर शेवाळ चढलं होतं. मंदा धुतलेल्या कपड्यांची बालदी घेऊन उतरत होती. मी पुढच्या अंगणात होतो. आधी बालदी वाजली, मग ती.

उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि म्हणाले, "काकी, आता दिवाळी होईपर्यंत या हाताने काहीही करायचं नाही." मंदाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते भलत्याच कुणाच्या घराबद्दल बोलताहेत.

सुरुवातीला शेजारची रेश्मा भाकऱ्या करून द्यायची. चांगल्या करायची. पण मंदा अर्धी खाऊन ताट सारायची. मी विचारलं, "काय झाला गो? बरी नाय?"

"बरी आसा," ती म्हणाली. "पण रोज दुसऱ्याच्या हातचा कितक्या खावचा? तेका काय आपला घर नाय?"

मला चहा आणि मऊ भात याच्या पलीकडे काही येत नव्हतं. हे मी लाजून सांगत नाही, तसंच होतं. बोटीवर रांधायला भंडारी असायचा आणि घरी मंदा.

आणि रोज संध्याकाळी ठाण्याहून शुभाचा फोन. शुभा आमची एकुलती एक मुलगी. तिथे एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. एरवी ती आमच्याशी मालवणीत बोलते. पण रागावली, किंवा काही ठरवून टाकलं, की शुद्ध मराठीत येते. आमच्याकडे माणूस कचेरीत गेला की जशी भाषा बदलतो, तशी. त्या दिवसांत ती फोनवर शुद्ध मराठीच बोलायची. "बाबा, मी दिवाळीच्या आधी येते आणि तुम्हा दोघांना घेऊन जाते. खोली तयार आहे. आता तुम्ही तिथे एकटं राहायचं नाही."

"दोघां एकटी कशी गो?" मी विचारलं.

"विनोद नका करू, बाबा."

मला वाटलं मंदा फोन घेऊन तिला गप्प करील. मंदाने डाव्या हाताने फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, "बगया." तिच्या तोंडून तो शब्द मी तोवर फक्त न आवडलेल्या स्थळांबद्दल ऐकला होता. लेकीला ती एरवी सरळ नाही म्हणाली असती; हे नुसतं 'बघूया' ऐकलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

पावाचं मशीन माळ्यावर होतं. शुभाने हौसेने घेतलेलं, मग तिला कंटाळा आला म्हणून आमच्याकडे धाडून दिलेलं. जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. मी ते खाली काढलं, पुसलं, उघडलं. आत एक भांडं, भांड्याच्या तळाला एक छोटं पातं, खाली तापायची तार. मोटर, पट्टा, चक्र. मला एकदम ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं.

"ह्या काय करतास?" मंदाने खाटेवरून विचारलं.

"पाव करतंय."

"तुमी?"

त्या एका शब्दात चाळीसेक वर्षांचा संसार होता.

पहिला पाव मी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे केला. आधी पाणी, मग तेल, मीठ, साखर, वरून मैदा आणि मैद्यात खड्डा करून यीस्ट. मशीनने मळलं, फुगवलं, भाजलं आणि शिटी वाजवली. पांढराशुभ्र, उंच, देखणा पाव. मला इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाल्याचा आनंद झाला. मंदाने एक तुकडा तोडून चघळला आणि म्हणाली, "कापूस."

"चांगलो फुगलो आसा."

"फुगलो आसा. पण पोटाक काय? नाचण्याचो करा."

मी केला. सगळा नाचणीचा. मला वाटलं, पीठ ते पीठ. यंत्र तेच, पाणी तेच, मग निकाल वेगळा का लागावा? मशीनने इमानाने सगळी कामं केली आणि शिटी वाजवली. भांडं उलटं केलं तर ओट्यावर जे पडलं त्याचा आवाज चिऱ्यासारखा झाला. सुरी जाईना. मी तो मागच्या परसात कोंबड्यांना टाकला. कोंबड्या आल्या, एकेकीने चोच मारून पाहिली आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या.

मंदा खिडकीतून बघत होती. ती हसायला लागली. पडल्यापासून पहिल्यांदाच. हसताना हात हलला, कळ आली, तशी "आई गे" म्हणून कळवळली आणि परत हसली. मी परसात उभा राहून ते ऐकत होतो. तो दगड मला तिथल्या तिथे प्रिय झाला.

"नाचण्याक ताण नाय," ती मग मला सांगू लागली. "तेका कोणी धरूक व्हया. गव्हाच्या पिठाक चिकाटी आसता, ता धरून ठेयता. नाचणो चवीक घालूचो, फुगवूक नाय."

अशी आमची शाळा सुरू झाली. तिला पीठ कळत होतं आणि मशीन परकं वाटत होतं; माझं नेमकं उलटं. ती खुर्ची ओढून मशीनजवळ बसायची. मळणी चालू असताना मी झाकण उघडायचो आणि ती डाव्या हाताचं बोट गोळ्याला लावायची. "पाणी." मी चमचाभर घालायचो. "आणखी." पुन्हा. "रव्हांदे." मग मी झाकण लावायचो.

गव्हात चौथा हिस्सा नाचणी घातली तर पाव तांबूस होतो, त्याला मातीचा गोड वास येतो आणि तो ताठ उभा राहतो. त्याहून जास्त घातली की मधोमध खचतो. तांदळाचं पीठ घातलं तर दुसऱ्या दिवशी पाव भुसभुशीत होऊन सुरीखाली सांडतो. त्यापेक्षा रात्रीचा उरलेला मऊ भात कुस्करून घातला तर पाव दोन दिवस ओलसर राहतो. ही युक्ती मंदाची. "आंबोळीक घालतंव तसो," ती म्हणाली, जणू हे जगाला ठाऊकच आहे. कुळथाचं पीठ मात्र अडेल. कच्चं घातलं की साऱ्या घराला कडवट वास. ते तव्यावर खमंग भाजून घ्यायचं आणि मूठभरच घालायचं. मग पावाला पिठल्याच्या भांड्याची खरवड काढून खाल्ल्यासारखी चव येते. आमच्या दमट हवेत यीस्ट लवकर मरतं, म्हणून ते फ्रिजमध्ये. हे माझं संशोधन, आणि मंदाने ते मान्य केलं, ही त्या महिन्यातली माझी सर्वांत मोठी कमाई.

मला वाटत होतं, सगळं बरं चाललं आहे. पुरुषाला असं फार लवकर वाटतं.

एका सकाळी मी दूध घेऊन आलो तर स्वयंपाकघरात परात खाली होती आणि मंदा परातीसमोर बसलेली. तांदळाची उकड काढून डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न चालला होता. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला चिरलेली. तिने ती उचलायला घेतली आणि ती मधोमध तुटली. आधीच्या भाकरीचे आणखी दोन तुकडे कडेला पडले होते. ती रडत नव्हती. तुकडे गोळा करून पुन्हा एक गोळा करत होती.

"कित्याक करतंस?" मी म्हणालो. "पाव आसा ना."

"आसा," ती म्हणाली. "म्हणानच बगतंय. तुमचो पाव आता चांगलो जाता. रेश्मा पण काल म्हणाली. मगे माजी काय गरज? शुभा सांगता ता बरोबर आसा. जावया ठाण्याक. थय भाकरे कोण मागणा नाय."

मी खाली बसलो. म्हणालो, "तुज्या बोटाशिवाय मशीन दगड काढता. बगलंस नाय?"

"समजूत काढू नका."

मी समजूतच काढत होतो, हे खरं. पण बोललो तेही खरंच होतं. या दोन गोष्टी एकाच वाक्यात असू शकतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातली पहिलीच ऐकू येते. त्या दिवशी आम्ही दोघांनी तो गोळा तव्यावर जाडजूड भाजला आणि चहात बुडवून खाल्ला.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी शुभा आली. नांदगावला रेल्वेतून उतरली, रिक्षा करून थेट घरी. आल्या आल्या आईचा हात पाहिला, बोटं हलवायला लावली, पायरी पाहिली, आणि आमच्या दोन बॅगा कपाटावरून खाली काढल्या. शुद्ध मराठी सुरू होती. मंदा तिच्या मागे मागे फिरत होती. मग म्हणाली, "आज पाव करूया. शुभान खावक नाय आमचो."

आम्ही तिन्ही पिठांचा पाव लावला. गहू, नाचणी, भाजलेलं कुळीथ, आणि मऊ भात. मंदाने बोट लावलं, मी पाणी घातलं, शुभा दारात उभी राहून बघत होती. गोळा सुरेख फिरला. फुगायलाही लागला. आणि ढग आले. असे आले की संध्याकाळी पाचलाच घरात अंधार. वीज कडाडली, भाताच्या कुणग्यांकडून माणसांची हाकाटी ऐकू आली, आणि लाइट गेली. मशीनचा दिवा विझला.

आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. लाइट आली नाही.

"बघा," शुभा म्हणाली. "हेच मी म्हणते. लाइट नाही, आईचा हात असा, बाहेर हे वादळ. आत्ता तुमच्यापैकी कुणाला काही झालं तर कोण येणार आहे? सांगा ना, बाबा."

मी मशीनकडे बघत होतो. वीज नसेल तर यंत्र म्हणजे नुसता डबा. आयुष्यात पहिल्यांदा मला यंत्राने उघडं पाडलं होतं.

मंदा उठली. "तो जाड बुडाचो टोप काढा," ती मला म्हणाली. "शुभा, मागीलदारी चूल आसा, पेटय. करवंट्यो घाल. पायरेर जपान उतर."

"आई, काय करतेस?"

"तवसोळी कशी करतंव? तशीच."

काकडीची ती गोड तवसोळी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अशीच भाजतो: खाली मंद विस्तव, टोपावर झाकण, झाकणावर निखारे. मला हे माहीत होतं. शेकडो वेळा खाल्ली होती. पण पाव आणि तवसोळी ही एकाच घरातली, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी भांड्यातून गोळा अलगद काढला, पातं सोडवलं, तेल लावलेल्या टोपात तो ठेवला. चुलीवरच्या पडवीच्या पत्र्यावर पाऊस धडधडत होता. शुभा चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणी फुंकत होती, डोळ्यांतून पाणी, केसांवर राख. मंदा प्लॅस्टरचा हात छातीशी धरून उभी आणि डाव्या हाताने कारभार.

"वरचे निखारे जास्ती, खालचे कमी. खालचो विस्तव ओढ गो बाहेर, करपात."

"किती वेळ, आई?"

"वास सांगात."

आणि वासाने सांगितलं. आधी नाचणीचा आला, मग कुळथाचा, मग दोन्ही मिळून तिसराच काहीतरी, ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. मंदाने मान हलवली. मी झाकण उचललं.

एका बाजूने तो करपला होता. तळ काळा झाला होता. पण फुगला होता, आणि तोडला तेव्हा आतून वाफ आली. रेश्माने काळ्या वाटाण्याची उसळ पाठवली होती. ती आम्ही तिघांनी पडवीत बसून त्या पावाशी खाल्ली, कंदिलाच्या उजेडात, पाऊस ओसरत असताना. शुभाने तिसरा तुकडा घेतला आणि म्हणाली, "आई, करपलेलो भाग माका दी." मंदाने माझ्याकडे पाहिलं. पोरगी घरी आली होती.

म्हणून ठाण्याचा विषय संपला असं नाही. पावाने असे प्रश्न सुटत असते तर काय हवं होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीपाशी बसून मायलेकी बोलल्या. मी जवळच झेंडूची फुलं तोडत होतो.

"माका भीती वाटता," शुभा म्हणाली. "फोन वाजलो आणि तुमचो नंबर दिसलो की हातातला काम थयच ऱ्हवता. ठाण्याक तुमी माज्या डोळ्यांसमोर आसतलास."

मंदाने तुळशीचं वाळकं पान खुडलं. मग म्हणाली, "तुजी भीती माका कळता. पण मी थय इलंय तर दिवसभर काय करतलंय? खिडकेत बसतलंय. तू कामार जातलंस आणि मी तुजी वाट बगतलंय. मगे ती भीती माजी होतली. काल माका पयल्यांदा वाटला, हात मोडलो तरी मी आसंय."

शुभा रडली. मग डोळे पुसून तिने अटी घातल्या, कारण ती आपल्या आईचीच मुलगी. मागीलदारच्या पायरीला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा, आणि तो ती असतानाच. पायरीवर खरबरीत लादी. प्लॅस्टर निघाल्यावर हाताचा व्यायाम रोज, चुकवायचा नाही. आणि ऐन पावसाळ्यात दोघांनी ठाण्याला येऊन राहायचं. मंदाने शेवटच्या अटीवर घासाघीस केली. मी केली नाही. मग दोघींनी मिळून बॅगा परत कपाटावर चढवल्या.

आता दर पावसाळ्यात आम्ही ठाण्याला जातो. तिथे मंदा शुभाच्या ओट्यावर नाचणी घेऊन जाते आणि गणपतीच्या आधी परत येण्यासाठी तिची चुळबुळ सुरू होते. मशीन इथेच आहे. या आश्विनात मी त्यात वऱ्याचं पीठ घालून पाहिलं. ते काही जमलं नाही. फणसाच्या आठळ्या वाळवून दळलेलं पीठ मात्र जमलं, आणि रेश्मा आता त्याचाच पाव मागते. भाकरी आमच्या घरात होते, पण ती रेश्माची सून करून देते, किंवा मी जाडजूड काहीतरी थापतो. परातीचा तो जुना आवाज पुन्हा ऐकू आला नाही. त्याची सवय झाली असं मी म्हणणार नाही. काही आवाज गेले की त्यांची जागा तशीच राहते, आणि आपण तिच्या शेजारून चालायला शिकतो.

पण त्या वर्षाचं बोलायचं तर मला शेवटी आठवते ती कार्तिकातली सकाळ. दिवाळी होऊन गेली होती, शुभा परत गेली होती. डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं. आतून निघालेला हात बारीक, फिकट, जणू दुसऱ्याच कुणाचा. "मूठ मिटा, काकी," डॉक्टर म्हणाले. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. "येईल हळूहळू. पण पूर्वीसारखी ताकद येईल असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. सरळ माणूस. मंदाने मान डोलावली आणि रिक्षात बसल्यावर पदराखाली हात झाकून घेतला.

वाटेत गिरणीपाशी थांबलो. नांदगावहून तिच्या भावाने नव्या भाताचे तांदूळ पाठवले होते. ते मी सकाळी दळायला टाकून गेलो होतो. गिरण चालू होती, आमचंच दळण पडत होतं. मी डबा उचलायला पुढे झालो तर मंदा माझ्या आधी पोचली. तिने पदर सारला आणि तो फिकट हात डब्यातल्या गरम पिठात खोल घातला. मनगटापर्यंत. गिरणवाला काहीतरी म्हणाला, ते आवाजात ऐकू आलं नाही. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. मग पिठाच्या आत तिची बोटं हळूहळू वळताना दिसली. पूर्ण मिटली नाहीत. पण हात वर आला तेव्हा मुठीत पीठ होतं, आणि ते सांडत नव्हतं.

तिने अंगठ्याने ते चोळून पाहिलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं.

"घराक गेल्यार उकडीक पाणी कमी घाला," ती म्हणाली. "तांदूळ नवो आसा."